दोघांनी वाकल्याशिवाय वार नाही

"हं. आता भांडा."

आर्वीच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीशी ज्यांनी कधी तावातावानं हात आपटला असेल, त्यांनी हे वाक्य नक्की ऐकलं असेल. गाडी लागली नाही, लागली ती भरूनच आली, पाटी एका गावाची आणि गाडी दुसऱ्याच गावाची. माणूस तणतणत यायचा. आतले वाहतूक नियंत्रक आधी खुर्चीतून उठायचे. हात जोडायचे, मान खाली घालायचे आणि तसेच थांबायचे. समोरचा गोंधळायचा. शेवटी सुटका करून घ्यायची म्हणून तोही हात जोडायचा. मग हे मान वर करून म्हणायचे, "हं. आता भांडा."

तोवर भांडणातली अर्धी हवा गेलेली असायची. उरलेली अर्धी ते शांतपणे ऐकून घ्यायचे.

मी त्यांना काका म्हणायचे. बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत, आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचं घर. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. नाहीच कळलं, तर तुम्ही या देशात नवीन आहात असं समजा.

आमची ओळख शेजारामुळं झाली असं म्हणता येणार नाही, ती गोंदामुळं झाली. मी संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते आणि चिकटवते. आर्वीच्या स्थानकावर वेळापत्रकाच्या फळ्यासारखी मोक्याची जागा दुसरी नाही, म्हणून एका सकाळी तिथं आमचं पत्रक लावून आले. संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. हातात तेच पत्रक, कुठंही न फाटलेलं, पाण्यानं अलगद सोडवून वाळवलेलं.

"गोंद मस्त होता," ते म्हणाले. "पण त्याच्या खाली अल्लीपूरची गाडी झाकून गेलती. म्हातारी बाई उभी होती बिचारी. तुह्या क्रांतीपाई तिची गाडी चुकली असती ना."

मी काहीतरी फाडकन बोलले. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. मी हात जोडेपर्यंत वर केलीच नाही. मग म्हणाले, "हं. आता भांड."

असा माणूस. नियम म्हटला की त्यांच्या चेहऱ्यावर, दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर गोड पदार्थ पाहून येतं तसं समाधान यायचं. मला त्याची चीड होती. आमच्या लोकांचं आयुष्य नियमांखाली चिरडलं गेलं आणि हा माणूस नियमांवर प्रेम करतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"ते नियम त्यायनं आपल्याले न विचारता बनवले होते," ते म्हणाले. "नियम कोणावर आहे त्यालेही विचारून बनवला, का मंग तो नियम चांगला रायते. घटना काय आहे दुसरं?"

आता मुख्य गोष्टीकडं येते. हा पन्नाशीला टेकलेला माणूस इंटरनेटवर लढाईचा खेळ खेळायचा.

हसू नका. मीही हसले होते. आधी ते एसटीचे चालक होते, अपघातात गुडघा गेला, म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बरेच दिवस घरीच होते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली आणि तिचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत पडून. तिनंच फोनवर सांगून सांगून त्यांना हा खेळ लावून दिला, वेळ जावा म्हणून. खेळ जुन्या काळच्या लढायांचा. बंदूक नाही, बॉम्ब नाही. तलवार, भाला, ढाल. देशभरातले खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच मैदानात उतरतात, माइकवर एकमेकांशी बोलतात.

काकू म्हणायच्या, "लोकायचे नवरे दारूच्या गुत्त्यात सापडते. माहा नवरा युद्धावर असते."

खऱ्या लढाईच्या मैदानाला लागून एक सरावाचं मैदान होतं. त्याला सगळे आखाडा म्हणत. तिथं मेलं तरी काही बिघडत नाही, गुण कटत नाहीत, लगेच परत उभं राहता येतं. म्हणून तिथं सर्वांत जास्त हरामखोरी चालायची. नवा खेळाडू फाटकातून पाऊल टाकतो न टाकतो तोच चारजण त्याला कापून काढायचे. उठला की परत. पुन्हा उठला की परत. नवीन माणूस तलवार उपसायची कशी हे शिकायच्या आतच खेळ सोडून जायचा, आणि हे सगळे माइकवर खिदळायचे.

काकांनाही असंच कापलं. गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला माणूस दुपारभर पडद्यावर मरत होता. काकूंनी चहा आणला तर म्हणाले, "थांब. आता उठतो, मंग पुन्हा मरतो, मंग पितो."

पण त्यांनी खेळ सोडला नाही. तो आखाडा आर्वीच्या शुभमच्या नावावर चालायचा. शुभमच्या घरचं बाजारात बियाण्या-खतांचं कृषी केंद्र आहे. शिकलेला, पंचविशीतला, तोंडानं गोड. काकांनी माइकवर त्याला म्हटलं, "भाऊ, हे मैदान आहे का खाटीकखाना? पोट्टे शिकतीन कसे?" शुभम म्हणाला, "तं तुम्हीच करा ना काका काही नियम. आमचं कोण आयकते?"

त्यांनी केले. एकट्यानं नाही केले. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, हरकती ऐकल्या, एक-दोन मागं घेतले, मग मांडले. आखाड्यात शिरताना पडद्यावर ते दिसायचे, आणि रोज सराव सुरू होण्याआधी काका ते माइकवर स्वतः म्हणायचे. घरी वऱ्हाडी बोलणारा हा माणूस माइक हाती आला की बसस्थानकाच्या आवाजात जायचा. "कृपया लक्ष द्या. ज्यानं तलवार उपसली नाही त्याच्यावर वार करू नये. लढत दोघांची असेल, तिसऱ्यानं मध्ये पडू नये. लढतीआधी दोघांनी वाकावं. दोघांनी वाकल्याशिवाय वार नाही. पडलेल्याला मारू नये, तो उठेपर्यंत थांबावं. नियम मोडणाऱ्याला पंच मैदानाबाहेर काढतील. पंचालाही हेच लागू."

बाहेर काढायचं बटण शुभमनं त्यांच्या हाती दिलं. तेव्हापासून त्यांचं नाव पंच पडलं. नागपूरचे, अमरावतीचे, हिंगणघाटचे खेळाडू त्यांना पंचसाहेब म्हणायचे. कोणी खरं नाव विचारलं नाही. त्यांनीही कोणाचं विचारलं नाही.

वाकण्याचं कलम त्यांनी कुठून आणलं, हे मला माहीत आहे. लहानपणी ते विहाराच्या अंगणात लाठी शिकले होते. शिकवणारे गुरुजी म्हणे लाठी हातात घेण्याआधी दोघांनाही एकमेकांपुढं वाकायला लावायचे. "काऊन वाकाचं, त्याले तं आता मारायचं आहे," असं एकानं विचारलं, तर गुरुजी म्हणाले होते, ज्याच्यावर लाठी उगारतोस त्याला आधी माणूस मान, नाहीतर ती लढाई नाही, नुसती मारझोड आहे. विहाराच्या अंगणातली ही गोष्ट काकांनी अख्ख्या आखाड्याला शिकवली, तीही कुठून आणली हे कोणाला न सांगता.

मला हा खेळ म्हणजे तरुणांना गुंगवायचं साधन वाटायचं, आणि त्यावर पत्रक काढायचं माझ्या मनातही होतं. ते ऐकून काकांनी मला स्टूल दिलं. "बस. पाहून तं घे कोणाचा निषेध करून राह्यली."

मी बसले आणि अडकले. खोटं कशाला सांगू. हेडफोननं कान दुखतात म्हणून ते स्पीकर लावायचे, त्यामुळं आखाड्यातलं सगळं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. एकदा वाद असा झाला की एकजण वाकलेला असतानाच दुसऱ्यानं वार केला. दुसऱ्याचं म्हणणं, मान खाली गेली म्हणजे वाकून झालं. पहिल्याचं म्हणणं, अजून माझं वाकणं चालू होतं. दोघंही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. दुपारभर सगळं मैदान तलवारी खाली टेकवून या प्रश्नावर भांडत होतं. अखेर काकांनी निकाल दिला, "पाठ सरळ झाली का वाकणं संपलं. पाठ सरळ नसंल त्याच्यावर वार म्हंजे डोळे मिटलेल्यावर वार. बाहेर जा भाऊ. उद्या येजो." आणि तो गेला, "हो पंचसाहेब" म्हणून.

खुद्द शुभमला त्यांनी एकदा बाहेर काढलं, पडलेल्याला मारलं म्हणून. मैदान शुभमचं, मालक शुभम. काकांनी बटण दाबलं. काकू म्हणाल्या, "आता तो तुमाले काढते." दुसऱ्या दिवशी शुभम आला, मैदानाच्या मधोमध येऊन पंचापुढं वाकला. काका वाकले. मग त्याला ढाल कशी धरायची ते शिकवलं. उजवा खांदा उघडा पडतो, कोपर आत घे. पुढं शुभम त्या भागातला सर्वांत चांगला ढालवाला झाला. कोणी विचारलं की म्हणायचा, "आपल्याले पंचसाहेबानं तयार केलं."

काका हे मला सारखं सांगायचे. चौकशीच्या खिडकीत कितीतरी वर्षं गेली, लोक त्यांच्याकडं फक्त गाडी विचारायला यायचे. इथं त्यांना कोणीतरी विचारत होतं की बरोबर काय. त्या मैदानाशिवाय त्यांच्याकडं स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं, हे लक्षात ठेवा.

मग शुभमला वाटलं, पंचसाहेबांना भेटावं.

रविवार ठरला. सकाळीच काकूंनी पोहे आणि तर्री करायला घेतली. मी आमच्या घरच्या खुर्च्या नेऊन टाकल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सारखे दारात जाऊन येऊ लागले. शेवटी दोन मोटारसायकलींवर चौघे आले. शुभम, बाकी तिघं आखाड्यातलेच. पायऱ्या चढताना हसत होते, "पंचसाहेब, आवाजावरून आम्हाले वाटलं तुम्ही सहा फुटाचे असान."

दारात आले आणि शुभम थांबला. पुढच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्धाची मूर्ती. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात आहे. तो आधी भिंतीकडं पाहत राहिला, मग काकांकडं.

"आडनाव काय म्हणाले तुमचं?"

त्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं. आता म्हणाले.

"अच्छा, अच्छा," शुभम म्हणाला.

ते बसले. खुर्च्यांच्या कडेवर. काकूंनी ताटल्या आणल्या तेव्हा कळलं की शुभमला उपास आहे. दुसऱ्यालाही होता. तिसऱ्याला आणि चौथ्यालाही. मी आयुष्यात पुष्कळ योगायोग पाहिले, पण रविवारच्या सकाळी चार तरण्याबांड पोरांना एकाच वेळी उपास लागलेला तेवढा एकदाच पाहिला. काकू म्हणाल्या, "मंग चहा तरी?" चहाही उपासाला चालत नव्हता. पाण्याची बाटली त्यांच्याजवळ होती. थोडा वेळ खेळाबद्दल काही बोलले, घड्याळ पाहिलं आणि निघाले.

मोटारसायकलींचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तेव्हा मी तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"असन उपास," ते म्हणाले.

काकूंनी ताटल्यांतले पोहे परत पातेल्यात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून येऊन काका आखाड्यात उतरले. नियम म्हटले. एकाशी सराव ठरलेला होता, त्याच्यासमोर जाऊन वाकले. तो उभाच राहिला. काका वाट पाहत राहिले. तो वळला आणि दुसऱ्यासमोर जाऊन वाकला. तो दुसरा वाकला, आणि त्यांची लढत सुरू झाली.

"नेट स्लो असन त्याचं," काका म्हणाले.

पुढं रोज नेट स्लो होतं. ज्याच्यासमोर हे वाकतील तो उभा. आणि दोघांनी वाकल्याशिवाय वार नाही, हा नियम. म्हणजे त्यांच्याशी कोणी लढू शकत नव्हतं आणि ते कोणाशी लढू शकत नव्हते. ते मैदानात फिरायचे, दोघांच्या लढतीशेजारी उभे राहायचे, आणि सगळे जण अगदी नियमाप्रमाणं, पाठ सरळ होईपर्यंत थांबून, एकमेकांपुढं वाकायचे. नीट समजून घ्या. त्यांना कोणी शिवी दिली नाही. जातीवरून एक शब्द काढला नाही. त्यांच्यावर कोणी वार केला नाही. उलट, अख्ख्या मैदानात तेवढा एकच माणूस असा होता ज्याच्यावर वार होणार नाही याची सर्वांनी काळजी घेतली होती. शिवू नये म्हणून जी काळजी घेतात, तीच ही, आणि ती घ्यायला आमच्याच विहाराच्या अंगणातलं वाकणं त्यांच्या हाती लागलं.

शेवटी काकांनी माइकवर विचारलं. आवाज घरचा होता, स्थानकावरचा नव्हता.

"शुभम, बापू, काय झालं?"

"कुठं काय पंचसाहेब?"

"माह्यासंग कोणी वाकून नाई राह्यलं."

"तं नसन लढाचं त्याले. जबरदस्ती आहे का? दोघायनं वाकलं तरच लढाई, हे तुमचंच कलम आहे ना?"

"काऊन नाई लढाचं, ते तरी सांग."

"कारण सांगाचं असं कुठं लिहिलं आहे नियमात?"

कोणीतरी मागं फिस्सकन हसलं. काका म्हणाले, "तू घरी आलता त्या दिवसापासून सुरू आहे हे."

"हे पाहा काका," पंचसाहेबचं काका झालं, "हा गेम आहे. इथं जातपात काऊन आणून राह्यले तुम्ही?"

आता सांगा. जात कोणी आणली? तो दारातच थांबला, आडनाव त्यानं विचारलं, उपास त्याला लागला. आणि जात आणणारा कोण, तर ज्याला कोणी वाकत नाही तो. हे वाक्य मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, भाड्यानं खोली शोधताना ऐकलं. आता तलवारी-ढालींच्या खोट्या मैदानातही ऐकलं.

मी पेटले. म्हटलं, याला बहिष्कार म्हणतात, कायदा आहे, तक्रार करू.

"तो शब्द मले शिकवू नको, पोरी. माह्या आज्यानं भोगला तो," काका म्हणाले. "पण लिहिशीन काय तक्रारीत? कॉम्प्युटरमंधला भालेवाला मले वाकला नाई? ठाणेदार चहा पाजून घरी पाठवन. शिव्या दिल्या असत्या त सोपं झालं असतं."

"मग तुम्ही पंच आहात. नियम बदला. पंचापुढं वाकणं सक्तीचं करा."

"सक्तीनं वाकवणं म्हंजे काय असते ते आपल्याले नवीन आहे का? आपल्या चार पिढ्या तेच करत होत्या."

"मग वाकण्याचं कलमच काढून टाका."

"आपल्याले अडचण झाली म्हणून? खेळ चालू असतानी?" ते माझ्याकडं असे पाहत राहिले की जणू मी स्थानकाचा फळा उखडायला निघाले होते. "मंग माह्यात आन त्यायच्यात फरक काय राह्यला?"

मला त्यांचा राग आला. आजही येतो. समोरचे कपटाचे फासे टाकतात आणि आपला माणूस खेळाची इज्जत सांभाळत बसतो. मी म्हटलं, "काका, तुमच्या नियमाची त्यांनी भिंत केली आणि तुम्ही तिच्यावर पाणी मारत बसलात." काकू आतून म्हणाल्या, "खेळच सोडून द्या ना बाप्पा. काय अडलं आहे?"

"मी नाई सोडणार," ते म्हणाले. "एक डाव. शुभमनं माह्यासंग एक डाव खेळावा, मंग पाहू."

तेवढंच मागणं होतं त्यांचं. माफी नको, पोहे खायला परत या असंही नाही. ज्याला ढाल धरायला शिकवलं त्यानं एकदा वाकावं आणि एकदा लढावं. रोज ते शुभमसमोर जाऊन वाकायचे. रोज शुभम दुसरीकडं वळायचा.

एका रविवारी दुपारी मी आणि काकू दोघी खोलीत होतो. मोठ्या लढाईआधीचा सराव होता, आखाडा भरलेला. काकांनी नियम म्हटले, सगळे, शेवटच्या कलमासकट. मग पंच मैदानाच्या मधोमध चालत गेला, शुभमसमोर उभा राहिला, तलवार उपसली आणि वाकला.

शुभम उभा होता. ढाल खाली लोंबती. वर धरायची गरज नव्हती. नियम त्याच्या बाजूनं होता.

काका पुन्हा वाकले. यावेळी बराच वेळ. स्पीकरमधून कोणी तरी म्हणालं, "अबे, यायची कंबर दुखन." सगळे हसले. शुभमही हसला, तो आवाज मी ओळखते.

पंचाची पाठ सरळ झाली, आणि त्यानं वार केला.

उजव्या खांद्यावर, जिथं ढाल नव्हती. शुभम एका वारात खाली. मी स्टूलवरून उठून टाळी वाजवली, खोटं बोलत नाही. काकूंनी माझा हात धरला. काकांनी पडलेल्यावर दुसरा वार केला नाही. तलवार खाली टेकवली, माइक जवळ ओढला, आणि आवाज लागला तो बसस्थानकाचा.

"कृपया लक्ष द्या. पंचानं न वाकलेल्या माणसावर वार केला आहे. नियम मोडला आहे. पंचाला मैदानाबाहेर काढण्यात येत आहे. कायमचं."

आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"हे काय केलं तुम्ही?" मी ओरडले. "पाडलं ना त्याला! मग स्वतःला कशाला काढलं?"

"नियम मोडला ना मी."

"आणि त्यांनी काय केलं?"

काका गुडघा चोळत बसले होते. "त्यायनं पाळला," ते म्हणाले. "तेच तं आहे. त्यायनं एकही नियम नाई मोडला."

त्यांना परत आत घेण्याचा अधिकार फक्त शुभमकडं होता. तो त्यानं वापरला नाही. मी पत्रक लिहिलं, संघटनेत वाचून दाखवलं. आमचेच एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ताई, खरे प्रश्न इतके असताना हे गेमचं कुठं घेऊन बसता. पत्रक छापलं नाही. त्यांच्या मते जिथं रक्त निघत नाही तिथं जखम नसते. त्यांचाही मी इथं निषेध करते, पहिल्यांदाच छापील.

काकांनी त्यानंतर कॉम्प्युटर झाकून ठेवला. त्यावर काकूंनी भरतकामाचा रुमाल टाकला. पुढं त्यांनी हिंगणघाटला बदली मागून घेतली. आर्वीच्या बाजारातून येणारे-जाणारे शुभमचे लोक खिडकीत दिसतात, हे कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, काकूंनी मला सांगितलं. घर भाड्यानं दिलं. आता तिथं एक नवरा-बायको राहतात, आमचं फारसं येणं-जाणं नाही. काकांना मी कधी फोन केला तर ते उन्हाळ्याबद्दल बोलतात, गुडघ्याबद्दल बोलतात, मुलीबद्दल बोलतात. आखाड्याबद्दल एक शब्द नाही.

गेल्या महिन्यात मी स्वतः त्या खेळात शिरले. नाव नुसतं "पाहुणी" टाकलं. आखाडा चांगला भरलेला होता. शिरताना पडद्यावर नियम दिसले, तेच, काकांनी सगळ्यांना विचारून लावलेला एकेक शब्द. आता पंच शुभम आहे. माइकवर तो नियम म्हणत होता आणि म्हणतानाचा ठेकाही काकांचा होता. फक्त शेवटचं कलम त्यानं गाळलं, "पंचालाही हेच लागू" हे.

कोणी तरी नवा खेळाडू होता. म्हणाला, "भारी नियम आहेत. बाकी कुठंच असे नाहीत. कोणी केले?"

"कोणी केले म्हंजे?" शुभम म्हणाला. "पहिलेपासूनच आहे."

मग तो माझ्याकडं वळला. पाहुणी दिसली, नवी दिसली, शिकवावं वाटलं असेल. माझ्यासमोर येऊन तो नीट वाकला, पाठ पूर्ण खाली, जसं त्याला शिकवलं होतं तसं. मी वाकले नाही. आधी मी माझं पूर्ण नाव टाईप केलं, आडनावासकट, आणि खाली काकांचं नाव, आडनावासकट, आणि त्याखाली: नियम यांनी केले. सगळ्यांना दिसेल असं पाठवलं.

मग मी वाकले.

पडद्यावर ओळ आली: पंच मैदान सोडून गेले आहेत. ती वाचली तेव्हा माझी पाठ अजून सरळ झाली नव्हती.